आधी शेजारी, मग चर्च

ख्रिस्ती मंडळीचे आजचे पहिले काम कोणते, या प्रश्नाला अनेक जबाबदार माणसे एकच उत्तर देतात: स्वतःला सांभाळणे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याच्या आसपास भरले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडसारख्या तालुक्यात तर ते नावापुरतेच. वातावरण संशयाचे आहे. अशा वेळी उपासना, शाळा आणि दफनभूमी टिकली तरी पुष्कळ झाले, असे या पक्षाचे म्हणणे. ही भीती निराधार नाही. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष येशूच्या शिकवणीत बसत नाही. जीव वाचवण्याच्या धडपडीतच माणूस तो गमावतो, असे त्याने शिष्यांना बजावले होते. ही शिकवण एकेका माणसाला लागू असेल, तर माणसांच्या मंडळीलाही ती लागू आहे.

स्वतःला सांभाळण्यापलीकडे जाणाऱ्यांचा माग रत्नागिरी जिल्ह्यातूनच निघतो. खेडच्या वायव्येला बाणकोट-हर्णेच्या किनाऱ्यावर १८२३ पासून स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. पुढे याच जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली कवी नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही त्यात जागा होती. यावर आक्षेप असा, की १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबारही विरला. संस्था मात्र टिकल्या. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण तिने सिद्ध होते ते इतकेच, की चांगल्या कामालाही घडी बसवावी लागते. ती घडी कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती सदन ही संस्थाच होती. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुलींसाठी तिने दार उघडले आणि त्यांना सामावून घेतानाच ती वाढली. संस्था गरजवंतांसाठी झिजते तोवर ती येशूची. स्वतःच्या रक्षणासाठीच जगू लागली की ती केवळ मालमत्ता होते.

दुसरा आक्षेप घरातला आहे: आमच्यात जातच नाही, मग सुधारायचे काय? नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे पटणार नाही. सोवळे मनातून जायला किती झगडावे लागते, हे त्यांनी काही न लपवता लिहिले आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेलाही डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण काढून चर्चमधला जातिभेद मान्य करावा लागला. भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. त्याविरुद्ध मंडळी न्याय मागते आणि ती मागणी रास्तच आहे. पण सरकारकडे जे मागायचे, ते आधी आपल्या वेदीपाशी आणि आपल्या दफनभूमीत द्यायला हवे.

तिसरा आक्षेप: धर्मगुरूंनी सार्वजनिक भांडणांत पडू नये. मग येशूच्या दृष्टान्तातल्या शोमरोनी माणसाने रस्त्यावरच्या जखमी परक्याला ओलांडून पुढे जायला हवे होते! वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले, तेव्हा वाचवायचे होते ते पाणी आणि जमीन. त्यावर जगणारे सगळेच ख्रिस्ती नव्हते. आपल्याकडे लोटे परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मरते, ही भोई मच्छीमारांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. ते चर्चचे सभासद नाहीत. पण ‘माझा शेजारी कोण’ या प्रश्नाला येशूने याच दृष्टान्तातून दिलेल्या उत्तरात सभासदत्वाची अट नव्हती. अशा कामाला धर्मांतराचे आमिष म्हटले जाईल, ही भीती असेल तर तोड सोपी आहे: मदत करावी आणि बदल्यात काहीच मागू नये.

म्हणून मंडळीने आपल्या वर्षभराच्या हिशेबात एक रकाना वाढवावा: जे आपले सभासद नाहीत, अशा किती जणांच्या दुःखात आपण उभे राहिलो? तो रकाना कोरा असेल, तर भरलेल्या बाकांनी ती उणीव भरून निघत नाही.