वाळू आमची, चुंबक परक्यांचे

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मिळ मृदा धातू व त्यांचा अंश असलेली चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि थोड्याच आठवड्यांत आमच्या मोटार-कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या किमतीत या चुंबकाचा वाटा अल्प; परंतु त्यावाचून तिची मोटर फिरत नाही. पवनचक्कीपासून ध्वनिक्षेपकापर्यंत अनेक यंत्रांची हीच गत आहे.

हा पेच खनिजाच्या अभावी पडता, तर दैवाला दोष देऊन स्वस्थ बसता आले असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. त्रावणकोरहून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शॉमबर्ग या जर्मन रसायनज्ञास १९०९ साली मोनाझाइट आढळले. केरळ, तामिळनाडू, आंध्र व ओडिशा यांच्या किनाऱ्यांवर ही वाळू विपुल आहे. दुर्मिळ मृदा धातूंच्या साठ्यात भारताचा क्रमांक जगात तिसरा लागतो. उत्पादनात मात्र २०२४ साली आमचा वाटा सुमारे २,९०० टनांचा, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी! आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे आड तुडुंब असून पोहऱ्याचाच पत्ता नाही.

हे धातू नावाप्रमाणे दुर्मिळ नाहीत. अवघड आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे. रासायनिक गुणांनी ते जुळ्या भावंडांसारखे असल्याने द्रावणातून त्यांची शेकडो वेळा चाळणी करावी लागते. शिवाय मोनाझाइटमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असते. त्याची विल्हेवाट हा खर्चाचा, तसाच किनाऱ्यावरील कोळ्यांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ही विद्या आम्हांस अज्ञात होती असेही नाही. इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली व अलुवा येथील तिच्या कारखान्याचे उद्घाटन १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे चिनी माल स्वस्त मिळू लागताच २००४ च्या सुमारास तेथील मोनाझाइटवरील प्रक्रिया थांबली. स्वस्त मिळते ते विकत घ्यावे, हे व्यापाऱ्याचे शहाणपण राष्ट्राने पत्करले. २०१० साली चीनने जपानची हीच कोंडी केली, तेव्हा तरी आमचे डोळे उघडावयास हवे होते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनविण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. अशा चुंबकाच्या वजनात निओडिमियम व त्याचा सहचर प्रासिओडिमियम यांचा हिस्सा सुमारे तीन-दशांश. म्हणजे १,८०० टन धातू हवा. आमच्या २,९०० टन ऑक्साइडांत या दोहोंचा वाटा चौथाईच्या आसपास. उष्णतेतही चुंबकत्व टिकविणारे डिस्प्रोसियम तर आमच्या वाळूत नाममात्रच आहे. तेव्हा कारखाने उभे राहिले आणि धातू मात्र चीनमधूनच आणावा लागला, तर परावलंबन केवळ एक पायरी खाली सरकेल.

सरकारने अनुदानाची थैली केवळ शेवटच्या पायरीवर रिकामी करू नये. वाळूपासून ऑक्साइड, ऑक्साइडापासून धातू आणि धातूपासून चुंबक ही साखळी अखंड हवी. भाव पाडून स्पर्धकांना बुडविण्याची खेळी पुन्हा झाल्यास देशी माल ठरल्या दराने उचलला जाईल, अशी हमीही हवी. भंडारा व नागपूरच्या खाणींतील मँगनीज विसाव्या शतकाच्या आरंभी कच्च्या स्वरूपात जहाजांतून विलायतेस जाई आणि तेथील पोलाद आम्ही विकत घेत असू. तेव्हा राज्य परक्यांचे होते. आज ती सबब उरलेली नाही. चुंबकासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागले, तर तो दोष निसर्गाचा नव्हे, आमच्या आळसाचा ठरेल.