पदवी मिळाली, पुढे काय?

बारावीच्या निकालानंतर आपल्या घरांतून हल्ली 'फिजिशियन असिस्टंट' या अभ्यासक्रमाची चर्चा ऐकू येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणे, केसपेपर लिहिणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे हे त्यांचे काम. भारतात १९९२ मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी या शिक्षणाची सुरुवात केली. फी किती, याची चौकशी सगळेच करतात. पदवीनंतर विशेष प्रशिक्षण कुठे व त्याला मान्यता कोणाची, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेत हा पेशा १९६५ साली ड्यूक विद्यापीठात सुरू झाला. तेथे राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच परवाना मिळतो. पुढे ज्याला हवी त्याने साधारण वर्षभराची रेसिडेन्सी करावी. २०११ पासून विशेष शाखेचे प्रमाणपत्रही आहे. नेदरलँड्समध्ये रुग्णालयात नोकरी करता करताच अडीच वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळते. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२४ पासून वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी सुरू झाली. जुलै २०२५ च्या लेंग अहवालाने तर सुचवले, की नव्या पदवीधरांनी आधी दोन वर्षे रुग्णालयात काढावीत, मगच जनरल प्रॅक्टिसकडे वळावे.

पद्धती तीन, पण तत्त्व एकच: शिकलेल्याची अधिकृत नोंद हवी. आपल्याकडे हृदयशस्त्रक्रिया विभागात पाच वर्षे घासलेल्या मुलीचे कौशल्य तिच्या सर्जनलाच ठाऊक. नोकरी बदलली, की पुन्हा पहिल्या पायरीवर. आणि समोरचा माणूस किती शिकलेला आहे, हे रुग्णाला कळायला मार्ग नाही.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात या पेशाचा समावेश आहे. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा नेमायच्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी कान टोचावे लागले.

इंदूर असो, बडोदे, हैदराबाद वा बेळगाव, आपली मुले शिकतात एका राज्यात आणि नोकरी धरतात दुसऱ्या राज्यात. त्यांना सर्वत्र चालणारी नोंदणी, विद्यावेतनासह पदव्युत्तर प्रशिक्षण आणि अनुभवाची अधिकृत नोंद मिळालीच पाहिजे. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मंडळाच्या सभासदांनी एवढेच विचारावे: राज्य परिषदेचे काम कुठवर आले? गोलमोल उत्तरावर समाधान मानू नये. पाल्याच्या प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी हाच प्रश्न महाविद्यालयालाही विचारावा.