फोन कट करा की राव!

'ओटीपी कुणाला सांगू नका' हे वाक्य आपल्याला झोपेतही पाठ आहे. त्यामुळे 'आपण इंजिनिअर होणार, आपल्याला कोण फसवणार?' असा गोड समज होस्टेलच्या रूमरूममध्ये आहे. पण मित्रांनो, आजचा भामटा ओटीपी मागतच नाही. तो भीती घालतो.

"तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. सीबीआयमधून बोलतोय. व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." याला म्हणे 'डिजिटल अरेस्ट'! असली अटक आपल्या कायद्यात नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. तरी शिकलेले लोक फसतात. लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांचे २०२४ मध्ये ७ कोटी गेले. त्यांच्यासाठी तर भामट्यांनी सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी भरवली होती!

यातली खरी मेख 'कुणाला सांगायचं नाही' ही आहे. माणूस एकटा पडला की संपला. होस्टेलवर ते अवघडच. फोन स्पीकरवर टाकला की रूम पार्टनरच त्या 'साहेबा'ची शाळा घेईल.

काळजी आहे ती घरची. आपल्यातल्या कितीजणांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे गावात आजी-आजोबा आणि एक स्मार्टफोन. त्यावर 'पीएम किसान'च्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपला एपीके फाईल येते. २,००० च्या हप्त्याच्या आशेने ती उघडली, अ‍ॅप टाकलं, की बँकेचे मेसेज भामट्याच्या हाती. रविवारी घरी फोन लावाल तेव्हा 'जेवलास का'च्या पुढे हेही बोला ना! साहेबाचा फोन आला तर आधी कट करा, मग मला लावा, एवढंच सांगायचं.

पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० ला फोन करावा. पैसा पुढच्या खात्यांत पळायच्या आत कळलं तर तो अडवता येतो. सरांना विनंती, अँटी-रॅगिंगचा नंबर लावता तसा हाही मेसच्या दारावर लावा.

आता हे 'पुढचं खातं' कुणाचं असतं? बऱ्याचदा एखाद्या पोराचंच. "तुझं खातं आणि एटीएम कार्ड दे, कमिशन मिळेल" म्हणणारा ओळखीचाही निघतो. भामटा लांब कुठेतरी असतो, पोलीस मात्र आधी खातेदाराच्या दारात येतात.