‘जाने दो’ म्हणण्याआधी

आपल्याकडे अपघात झाला की पोलीस ठाण्याच्या आवारात, नाहीतर दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर चार जाणती माणसं जमतात आणि तासाभरात निकाल लागतो. गाडीवाला हात जोडतो. तोही गरीबच असतो, बऱ्याचदा कुणाच्या तरी ओळखीतला निघतो. “जान दो भाई, बच्चा बच गया ना, शुकर करो,” असं एखादे वडीलधारे म्हणतात. दवाखान्याचं बिल आणि वर पाच-दहा हजार असं ठरतं. स्टॅम्प पेपरवर सह्या होतात. सगळ्यांना वाटतं, चांगलं काम झालं.

मला तसं वाटत नाही. आणि या मिटवामिटवीत सगळ्यात जास्त नुकसान सायकलवाल्याचं होतं, असं माझं मत आहे.

धाराशिव जिल्ह्यात सायकल कोण चालवतं ते बघा. पहाटे पाव-खारी विकणारा, भंगारवाला, गवंड्याच्या हाताखाली जाणारा मजूर, दूध घालणारा म्हातारा. आणि शाळेच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी सरकार पैसे देतं, म्हणून खेड्यातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण सुटलं नाही. माझ्या वर्गातल्या मुली याच सायकलींवर येतात. रस्ता मात्र तोच, ज्यावरून गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून जातो, पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्याहून. महामार्ग रुंद झाले, पण सायकलवाल्याला त्यात जागा कुठे आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी सायकलवर असताना टॅक्सीच्या धडकेत गेले, तेव्हा देशभर बातमी झाली. व्हायलाच हवी होती. आपल्या पाववाल्याची चार ओळींत होते.

सायकलवाल्याला वाटतं, आपल्याकडे ना लायसन्स, ना नंबर प्लेट, ना विमा, मग कायदा आपला कसा? नेमकं उलटं आहे. मोटार वाहन कायद्यात गाडीचा ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी, म्हणजे त्याच्यासाठीच. हप्ता गाडीमालकाने भरलाय, हक्क याचा आहे.

इथेच टपरीवरच्या न्यायाचा पाया चुकतो. सगळे समजतात की भरपाई मागितली तर बिचारा ड्रायव्हर उद्ध्वस्त होईल. विमा चालू असेल तर पैसे ड्रायव्हर देत नाही, कंपनी देते. ड्रायव्हरच्या लायसन्समध्ये खोट असली तरी पुष्कळ प्रकरणांत न्यायालयं कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. विमाच नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा भार मालकावर येतो. पण विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणाऱ्या मालकाची दया मला तरी येत नाही.

आता रकमेचं बघू. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये मिळतात, चूक कुणाची हे सिद्ध न करता. आणि कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणं ही गंभीर दुखापतच आहे. पाय मोडलेल्या आठवीतल्या एका मुलीचा ‘निकाल’ पंधरा हजारांत लागलेला मी पाहिला आहे. तिची आई त्या बैठकीत नव्हती, तिला कुणी विचारलंही नाही. वर्षभर रजा, नंतर शाळा सुटली. पंधरा हजार आणि अडीच लाख यांतलं अंतर तिच्या वडिलांना कुणीच सांगितलं नव्हतं.

अडीच लाख हाही शेवटचा आकडा नाही. कायमचं अपंगत्व आलं असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयातच, पूर्ण नुकसानीचा दावा करता येतो. तिथे मात्र गाडीवाल्याची चूक दाखवावी लागते. आणि हे नीट लक्षात ठेवा: कलम १६४ ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. म्हणून कंपनीचा माणूस घरी येऊन चेक दाखवू लागला, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही नको.

“पगाराची स्लिप नाही, उत्पन्न काय दाखवणार?” हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातल्या एका तरुण भाजीविक्रेत्याचं प्रकरण आलं, त्याचा पाय कापावा लागला होता. कागदपत्रांचा हट्ट न धरता न्यायालयाने त्याचं उत्पन्न महिना ६,५०० रुपये धरलं आणि कमाईची क्षमता ८५ टक्के गेली असं मानलं, कारण एका पायावर भाजीची गाडी ढकलता येत नाही. हातगाडीवाल्याच्या पायाची किंमत टेबलावर बसणाऱ्याच्या पायासारखी मोजायची नसते, एवढं साधं तत्त्व. मुलांच्या बाबतीतही ‘कमावत नाही’ म्हणून तुटपुंजी रक्कम देण्याची जुनी रीत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बाजूला सारली. मूल कायमचं अपंग झालं किंवा गेलं, तर त्या राज्यातल्या कुशल कामगाराचं किमान वेतन तरी धरा, असं सांगितलं.

मग लोक दावा का करत नाहीत? मला दिसतं ते कारण असं, की दावा टपरीच्याही आधी, दवाखान्याच्या खिडकीवरच मरतो. पोलिसांची झंझट नको म्हणून घरचे डॉक्टरांना सांगतात, “सायकल से गिर गया.” केसपेपरवर तेच लिहिलं जातं. पुढे पाय वाकडा जुडला, दुसरं ऑपरेशन निघालं, तेव्हा कुणीतरी दावा करायला सांगतं. कंपनीचा वकील तोच केसपेपर काढून विचारतो, मग ट्रॅक्टर आला कुठून? स्टॅम्प पेपरवरच्या सहीपेक्षा हे एक खोटं वाक्य महाग पडतं. एफआयआरला दोन-चार दिवस उशीर झाला तर चालतो. लोक आधी उपचारासाठी धावतात, पोलीस ठाण्याकडे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केलंय. पण केसपेपरवर खरं लिहायला सांगा, गाडीचा नंबर टिपा, आणि एफआयआर होऊ द्या.

एफआयआर झाला की पुढचं बरंच काम पोलिसांचंच आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि न्यायाधिकरण त्या अहवालालाच दावा-अर्ज मानू शकतं. तरी त्यावर विसंबून राहू नका. नव्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांची आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण मुदत पाळलेली बरी. वकिलाच्या फीची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई असो वा मूल, उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो. ‘मिळेल त्यातला हिस्सा’ मागणाऱ्यांपासून लांब राहा. भरपाईत टक्केवारी ठरवायला वकिलांना त्यांच्याच नियमांनी बंदी आहे.

गाडी पळून गेली आणि सापडली नाही तर? तेव्हाही मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची सरकारी योजना आहे, अर्ज तालुक्याच्या पातळीवर दावा चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा. २०२२ मध्ये देशात असे ६७,३८७ अपघात झाले, त्यांत ३०,४८६ माणसं गेली. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात अर्ज किती आले? २०५. हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, जानेवारी २०२४ मध्ये, न्यायालयाने सांगितलं की महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनी घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. तुमच्या घरी असा कागद आला नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

आता आपल्या घरांत हमखास निघणारी गोष्ट. “बच्चे के खून का पैसा नहीं चाहिए.” ज्या बापाने हे म्हटलं, त्याच्या दुःखापुढे मी काय बोलणार? पण सूरह निसाच्या ९२व्या आयतीत, चुकून कुणाचा जीव गेला तरी त्याच्या घरच्यांना दियत द्यावी असं स्पष्ट आहे, घरच्यांनी स्वतः माफ केलं तर गोष्ट वेगळी. माफ करण्याचा अधिकार घरच्यांचा आहे, टपरीवरच्या चौघांचा नाही. शिवाय ड्रायव्हरला मनातून माफ करणं आणि कंपनीकडे दावा करणं यांत मला विरोध दिसत नाही. विमा जायज की नाजायज, दाव्यावर मिळणाऱ्या व्याजाचं काय, हे प्रश्न आपल्या आलिमांना जरूर विचारा, पण दावा दाखल करून विचारा. सहा महिने वाट बघत नाहीत.

शिक्षकांसाठी एक सांगते. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे, प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. तो पाठवला म्हणून न्यायाधिकरणातला दावा थांबवायचं कारण नाही. पालक हे विचारायला येत नाहीत, कारण त्यांना माहीतच नसतं, तेव्हा हजेरीत मुलगी आठवडाभर दिसली नाही की आपणच घरी जायला हवं. जाताना केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचून बघा. उर्दू वाचणाऱ्या घरात तो इंग्रजी कागद बहुतेक तसाच घडी करून डब्यात ठेवलेला असतो.