धड्यावरचे प्रश्न मुलांना काढू द्या

'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत वाचन तपासताना मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीचाही उतारा देतात आणि तो वाचता येतो का, ते पाहतात. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४२.८ टक्के मुलांना २०२२मध्ये तो वाचता आला, २०२४मध्ये सुमारे ४९ टक्क्यांना. ही वाढ मोलाची आहे. पण वाचलेले किती जणांना समजले, ते यातून कळत नाही. वर्गातही वेगळे काय होते? बाई धडा वाचून अर्थ सांगतात, स्वाध्यायातले प्रश्न विचारतात, मुले फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवतात. धड्याशी झुंजतात त्या बाई. मुलांवर ती वेळच येत नाही.

ती यावी म्हणून ॲनमरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी अमेरिकेत एक पद्धत बसवली. १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सातवीची, वाचता येणारी पण अर्थ न लागणारी मुले होती. प्रश्न काढणे, सार सांगणे, अडलेले उलगडणे, पुढचा अंदाज बांधणे ही चार कामे शिक्षक आधी करून दाखवत आणि मग मुले आळीपाळीने गट चालवत. त्यांचे आकलन स्पष्ट सुधारले. पुढे १९९४मध्ये अशा सोळा अभ्यासांचा आढावा निघाला. त्यात प्रमाणित चाचण्यांतला फायदा बेताचाच, पण फायदाच दिसला.

रत्नागिरी जिल्ह्यात तर या पद्धतीची गरज दुहेरी आहे. वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत पट कमी, शिक्षक एक-दोन आणि समोर चार-पाच इयत्ता. बाई पहिलीला अक्षरे गिरवून घेत असताना चौथीचा गट धडा उलगडत बसू शकतो, तोही घरच्या संगमेश्वरी बोलीत. प्रमाण मराठीतले वाक्य आपल्या बोलीत सांगता आले, की ते समजले म्हणायचे.

यात नुसत्या गप्पा होतील, ही शंका रास्त आहे. चर्चेने मुलांचे बोलणे वाढते, पण आकलन वाढेलच असे नाही, हे २००९च्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यातही दिसले. म्हणूनच प्रत्येक उत्तराला 'हे धड्यात कुठे आहे, दाखव' हा प्रश्न हवा. तो आधी बाई विचारतील, मग मुलेच एकमेकांना विचारतील. चुकीचा अर्थ पक्का होण्याची भीती त्यानेच कमी होते. अबोल मुलांसाठी पाळी ठरलेली असावी. अभ्यासक्रम मागे पडेल हा आक्षेप मात्र मला पटत नाही. न समजलेला धडा 'पूर्ण झाला' असे म्हणायचे तरी कशाच्या आधारावर? शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी असा एक तास प्रत्यक्ष मुलांसह घेऊन दाखवावा.