सायकलस्वारांची माउली



गतवर्षी जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या सुमारास, रविवारचा मिस्सा आटोपल्यावर एक बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या थोरल्या मुलास गावापासून आठ किलोमीटरांवरील हायस्कुलात जावयाचे होते, म्हणून घरच्यांनी पैशाला पैसा जोडून एक जुनी सायकल विकत घेतली होती. "फादर, पोराच्या सायकलीला आशीर्वाद द्याल काय?" तिने भीतभीत विचारले. मला दुसऱ्या गावी मिस्साला जाण्याची घाई होती. "बाई, देव माणसाला आशीर्वाद देतो, लोखंडाला नव्हे. पोराला जपून जायला सांगा, म्हणजे झाले," असे हसत म्हणून मी निघालो. तीही बिचारी हसली आणि गेली. या प्रसंगाकडे मी पुन्हा येणारच आहे. तूर्त वाचकांनी माझ्याबरोबर एका दूरच्या वाटेने चार पावले चालावे, अशी विनंती आहे.

इटली देशाच्या उत्तर भागात, मिलान शहराच्या पलीकडे, ब्रियान्झा नावाचा एक रम्य मुलूख आहे. प्राचीन काळी आल्प्स पर्वतावरून बर्फाच्या प्रचंड नद्या खाली सरकत आल्या. त्यांनी ओढून आणलेले दगडमातीचे ढीग जागोजाग पडून राहिले व खोलगट जागी पाणी साठले. आज त्या ढिगांच्या हिरव्यागार टेकड्या झाल्या असून त्यांच्या कुशीत पुसियानो, आन्नोने, आल्सेरियो अशी लहान लहान सरोवरे पसरली आहेत. उत्तरेस कोमो हे मोठे सरोवर आहे. त्याची खोली चारशे मीटरांहून अधिक असून त्याला तीन फाटे आहेत. दक्षिणेकडील दोन फाटे जेथे अलग होतात, त्या टोकावर बेल्लाजो नावाचे गाव वसले आहे. तेथून एक रस्ता डोंगर चढू लागतो. सुमारे दहा किलोमीटरांत तो साडेपाचशे मीटर वर जातो. मध्ये थोडी सपाटी लागते. परंतु काही ठिकाणी चढ इतका खडा आहे, की शंभर फूट पुढे सरकावे तो चौदा फूट वर चढलेले असावे! छाती भात्यासारखी चालू लागते, मांड्या भरून येतात, आणि मग अखेरच्या वळणापलीकडे, समुद्रसपाटीपासून 754 मीटर उंचीवर, एक चिमुकले देऊळ दृष्टीस पडते. खाली सरोवराचे निळे पाणी, समोर ग्रिन्या पर्वताचे कडे, आणि मधोमध पवित्र मरियेचे ते घर. हेच गिसाल्लोच्या मातेचे मंदिर होय.

आख्यायिका अशी आहे, की मध्ययुगात गिसाल्लो नावाचा एक सरदार या डोंगरातून जात असता त्याच्यावर दरोडेखोरांनी हल्ला केला. वाटेच्या कडेला पवित्र मरियेची एक प्रतिमा होती. तो धावत तिच्यापाशी गेला आणि वाचला. तेव्हापासून ही माता वाटसरूंची रक्षणकर्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. आजचे मंदिर सतराव्या शतकातील आहे.

विसाव्या शतकात या वाटेवर एक नवा वाटसरू आला. लोम्बार्डी प्रांतातील सायकलींची मोठी शर्यत 1905 साली सुरू झाली आणि 1919 साली ती प्रथम या घाटावरून नेण्यात आली. ती शरद ऋतूत होते, म्हणून तिला गळत्या पानांची शर्यत असेही म्हणतात. धापा टाकीत वर येणारे ते तरुण मंदिरापुढून जाताना छातीवर क्रुसाची खूण करीत. माग्रेल्यो या तेथील गावचे धर्मगुरू डॉन एर्मेलिन्दो विगानो यांनी हे पाहिले आणि ही माता सायकलस्वारांची आश्रयदात्री व्हावी, असे त्यांच्या मनाने घेतले. 1948 साली पोप बारावे पायस यांनी प्रज्वलित केलेली मशाल सायकलस्वारांनी हातोहात या डोंगरावर आणली, आणि 13 ऑक्टोबर 1949 रोजी पोप महाशयांनी गिसाल्लोच्या मातेस सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. रस्त्यावर मरण पावलेल्या सायकलस्वारांच्या स्मरणार्थ तेथे एक ज्योत अखंड तेवत असते. शर्यत जवळ आली, की देवळाच्या घंटा घणघणू लागतात. आत भिंतींवर तसबिरी कमी आणि सायकली अधिक आहेत. नामवंतांनी आपापल्या सायकली आणि सदरे मातेच्या चरणी वाहिले. अखेर जागा पुरेना, म्हणून 2006 साली शेजारीच एक संग्रहालय उघडण्यात आले.

ती मशाल आणणाऱ्यांपैकी एकाचे नाव जिनो बार्ताली. फ्लॉरेन्सनजीकच्या एका खेड्यात 1914 साली गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. फ्रान्सची महान शर्यत त्यांनी 1938 साली आणि पुन्हा दहा वर्षांनी, 1948 साली जिंकली. ते निष्ठावंत कॅथलिक होते आणि कार्मेल संघाच्या तिसऱ्या शाखेचे सभासद होते. त्यांचा धाकटा भाऊ शर्यतीतील अपघातात 1936 साली मरण पावला. तेव्हा रस्ता माणसाकडून काय मागून घेतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

1943 साली जर्मन सैन्याने इटलीचा बराच भाग व्यापला आणि यहुदी बांधवांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी अशा लोकांना मठांतून व घरांतून लपविण्याचे कार्य आरंभले होते. त्यांच्या सांगण्यावरून बार्ताली यांनी निरोप्याचे काम पत्करले. लपलेल्यांना दुसऱ्या नावाचे ओळखपत्र मिळाले तरच जीव वाचणार. ती कागदपत्रे आणि छायाचित्रे सायकलीच्या पोकळ नळ्यांत व बैठकीखाली दडवून बार्ताली फ्लॉरेन्सहून असिसीपर्यंत दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत. शिपायांनी अडविले, तर सराव करतो आहे असे सांगत. एका यहुदी कुटुंबास त्यांनी तळघरात आसरा दिला. पकडले जाते, तर प्राणांशीच गाठ होती. युद्ध संपले, कीर्ती वाढली. पण या कामाविषयी बोलणे त्यांनी जन्मभर टाळले. 2000 साली ते निवर्तले आणि 2013 साली जेरुसलेममधील याद वाशेम या संस्थेने त्यांना 'राष्ट्रांमधील धार्मिक पुरुष' हा मान दिला. शर्यत जिंकणारी सायकल आणि प्राण वाचविणारी सायकल ही दोन नव्हती, एकच होती.

त्याच देवळात आणखी एक सायकल टांगलेली आहे. तिची नळी वाकलेली आहे. ती फाबियो कासार्तेल्ली या कोमोच्याच सुपुत्राची. 1992 साली बार्सेलोना येथील ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले. 18 जुलै 1995 रोजी फ्रान्समधील एका घाटाच्या उतारावर तो भरवेगात कोसळला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. तो जेमतेम पंचविशीच्या घरात होता. मागे पत्नी आणि तान्हे मूल राहिले. दुसऱ्या दिवशी कोणीही शर्यत केली नाही. सारे स्वार संथपणे चालले, अखेरीस त्याच्या संघातील सोबत्यांना पुढे जाऊ दिले, आणि बक्षिसाची रक्कम त्याच्या कुटुंबास दिली. धंदेवाईक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचे होण्यास मात्र 2003 साल उजाडावे लागले, आणि तेही आणखी एका स्वाराचा बळी गेल्यावर.

मृत्यू चढावर आला नाही, उतारावर आला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. चढावर मनुष्य देवाचे नाव घेतो. उतारावर त्याला कशाचीच आठवण राहत नाही.

आता त्या बाईची हकीकत सांगतो.

नोव्हेंबर महिना, म्हणजे आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. उसाचा हंगाम सुरू झाला होता. शाळेतून परत येताना मुलास अंधार पडला. ओढ्याकडील उतारावर, वळणालगत, उसाने भरलेली ट्रॉली नादुरुस्त होऊन उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, लाल फडकेदेखील नव्हते. मुलाच्या सायकलीलाही दिवा नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे तो इस्पितळात वारला. त्याला अंतिम तैलाभ्यंग मीच दिले आणि माती देण्याचा विधीही मीच केला.

विधीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. पडवीत ती सायकल भिंतीला टेकून ठेवली होती. सहज ब्रेक दाबून पाहिला. रबर झिजून केव्हाच संपले होते. लोखंडावर लोखंड घासत होते. हे काही एका दिवसात झालेले नव्हते. जूनमध्ये मी दोन मिनिटे थांबतो, बाहेर येऊन त्या सायकलीवर हात ठेवतो, तर मला ते दिसले असते.

वाहनांना आशीर्वाद देण्याची प्रार्थना आपल्या ख्रिस्तसभेच्या विधिग्रंथात आहे. रथात बसून धर्मशास्त्र वाचणाऱ्या इथिओपियाच्या माणसाचा आणि त्याच्याकडे धावत गेलेल्या फिलिपाचा तीत उल्लेख येतो. फिलिपाने दुरून हात उंचावला नाही. तो रथाजवळ गेला, वर चढून त्या माणसाशेजारी बसला. आशीर्वाद म्हणजे ताईत नव्हे, हे मी त्या बाईला सांगितले ते खोटे नव्हते; परंतु आशीर्वाद म्हणजे जवळ जाणे, हे मी स्वतः विसरलो होतो.

त्या माउलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. महिन्याभराने ती पुन्हा आली आणि म्हणाली, "फादर, आता धाकटी त्याच सायकलीवरून शाळेला जाणार. आणू का?" मी म्हटले, "आणा, बाई." आधी नवे ब्रेक बसविले, पुढे दिवा आणि मागे लाल काच लावली, आणि मग पवित्र पाणी शिंपडले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर देवळाच्या अंगणात सायकली उभ्या राहतात. बाजारातील सायकल दुरुस्त करणारे गृहस्थ आपल्या धर्माचे नव्हेत. पण ते पाने-पकडी घेऊन येतात आणि मजुरी घेत नाहीत. ते पाहतात, मग मी आशीर्वाद देतो.

ट्रॉली बाळगणाऱ्या माझ्या शेतकरी बांधवांना एवढेच सांगणे आहे, की 'खून करू नको' ही पाचवी आज्ञा केवळ सुरीपुरती नाही. अंधारात बिनदिव्याची उभी केलेली गाडीही तीत येते.

आणि आईबापांनो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर, रोझरीला बसण्यापूर्वी, आपल्या पडवीतील सायकलीचे दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा. मग गिसाल्लोच्या मातेस एक नमो मारिया म्हणा.