बाल्कनीतला वसंत आणि टँकर

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी फोनवर बागकामाचं एक ॲप घेतलं. 'मिड-स्प्रिंग'च्या रकान्यात त्याने मटार, पालक, लेट्यूस लावायला सांगितलं. आम्ही पडलो इंजिनीअर, डॉक्युमेंटेशनवर भारी विश्वास! वीकांताला कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत असं सगळं वाघोलीतल्या तिसऱ्या मजल्यावर चढवलं, आणि वर स्वतःच्या अकलेने टोमॅटोची सहा रोपंही आणली. पश्चिमेची बाल्कनी, बरं का.

पुढचं सांगायला नकोच. लेट्यूस उगवलंच नाही (माती फार तापली की ते बी झोपूनच राहतं, हे मागाहून कळलं). मटार वीतभर होऊन वाळला. टोमॅटोला ढीगभर फुलं आली आणि एकूण एक गळली. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की फळ धरत नाही. रोप पाणी मात्र पीत राहतं, माझ्याकडे रोज दहा लिटर.

आणि नेमकी त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग. टँकर वाढले, मेन्टेनन्स वाढणार. एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "काहींच्या बाल्कनीत टोमॅटो पितात हो आपलं पाणी." मी तणतणत घरी आले. त्यांची गाडी रोज पाइपने धुतात, हे मनातल्या मनात चारदा ऐकवलं. पण रात्री हिशोब केला. महिन्याचं तीनशे लिटर पाणी आणि टोमॅटो शून्य. काकांचं बरोबर होतं. (गाडीबद्दल माझंही आहेच.)

मग गुहागरला आजीला फोन. "चैत्रात मटार? कुणी सांगितलंन गो तुला?" तिने एवढंच विचारलं आणि हसत सुटली.

चूक ॲपची नाहीच म्हणा. त्याचा स्प्रिंग थंड देशातला, जिथे एप्रिलमध्ये शेवटचं दहिवर पडून माती नुकती ऊब धरते. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. त्याचा बरोब्बर मध्य चैत्र अमावास्येला, आणि लगेच तिसऱ्या दिवशी अक्षय्यतृतीया. आजी त्याच दिवशी परसात आळी करून दुधी, पडवळ, कारली टोचते आणि पाऊस येईपर्यंत विहिरीच्या पाण्यावर जगवते. आपल्याकडे वसंतात लावायचं ते उन्हाला न भिणारं, नाहीतर पावसाची वाट बघणारं. बाकी सगळी हौस दिवाळीनंतर करावी.

माझं म्हणाल तर आत्ता भेंडी आणि गवार लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच टोचायचं, बारा इंची कुंडीत एकच रोप. दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणी सुरू. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' मिळाली तर बघा, पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. गवार तर फारच गुणी, कमी पाण्यात भागवते. पालेभाजी हवीच असेल तर तांदुळजा, महिन्याभरात ताटात. मेथी-कोथिंबिरीचा हट्ट सोडा.

काही मित्रांचं म्हणणं, जूनपर्यंत काही लावूच नये. मला नाही पटत. तांदूळ-डाळ-भाज्या धुतलेलं पाणी रोज सिंकमधून जातंच की! माझ्याकडे ते चार-पाच लिटर निघतं. तेवढ्यात जेवढ्या कुंड्या जगतील तेवढ्याच ठेवायच्या, असा नियम केलाय. वर वाळक्या पानांचा चांगला जाड थर द्यायचा. या दिवसांत सोसायटीत पोत्यांनी पडलेली असतात आणि कुणीतरी ती पेटवायच्या बेतात असतं. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र टँकरवाल्यांनी जपून. बोअरचं असेल तर त्यात क्षार आधीच भरपूर, आणि फिल्टर ते आणखी घट्ट करतो. माझ्या कुंड्यांवर पांढरी पुटं चढली होती.

आणि एका कुंडीत हळद. आजीच्या सांगण्यावरून अक्षय्यतृतीयेला लावली. पाणी अगदी बेताचं, पुढचं पावसाने बघितलं. भाद्रपदात पातोळ्यांना पानं मिळाली, जानेवारीत पानं पिवळी पडून माना टाकल्यावर हळद काढली. पहिला जवळजवळ महिनाभर कुंडीत काहीच दिसत नाही. धीर सोडून उकरून बघू नका. मी बघितलं होतं आणि एक कोंब मोडला.